तीन शेतांची परवानगी

"न विचारता मी कुणाची काडीसुद्धा उचलली नाही."

ईनिड प्रॉसर हे इतक्या वेळा म्हणायची, की आमच्या विचकॉट गावात ते वाक्य तिच्या नावाला चिकटूनच गेलं होतं. दुकानात डोरीनने तिच्या पिशवीत चुकून एक संत्रं जास्त टाकलं, तर ती ते काढून परत ठेवायची आणि हे म्हणायची. शेजारच्या झाडाचं सफरचंद वाऱ्याने तिच्या अंगणात येऊन पडलं, तर ती ते पुसून शेजाऱ्याच्या दारात नेऊन द्यायची, आणि दार उघडलं की पुन्हा तेच. लोक हसायचे. मीही हसलो आहे. आता ते हसणं परत घ्यावंसं वाटतं.

मी एमस ग्विलियम. आयुष्यभर मी कुंपणं घातली. तारांची नव्हे, जिवंत कुंपणं. काटेरी झाडाचं खोड मुळाजवळ तिरकं छाटायचं, पण पुरतं तोडायचं नाही. जरा साल आणि बोटभर लाकूड राखायचं, आणि त्याला हळूच आडवं करून शेजारच्यात विणायचं. हात बरोबर असेल तर ते आडवं पडूनही जगतं आणि वसंतात हिरवं होतं. हेरफर्डशरच्या आमच्या बाजूला हे काम माझ्यासारखं फार थोड्यांना येतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. माझ्यापेक्षा सरस एकच माणूस होता, आणि तो चाळीस वर्षं माझ्या जोडीला होता. ईनिडचा धाकटा भाऊ, डेन्झिल.

दोघा भावंडांनी लग्नं केली नाहीत. खालच्या आळीत, ओढ्याकाठच्या घरात, दोघं एकमेकांना धरून म्हातारी झाली. डेन्झिल कमी बोलायचा. दिवसभरात दहा शब्द झाले तर मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज डेन्झिल गप्पांच्या रंगात होता. मग चार वर्षांपूर्वी एका सकाळी कुंपणाच्या कडेला तो गुडघ्यावर बसला, तो उठलाच नाही. मेंदूत रक्त गोठलं होतं. उजवी बाजू गेली आणि ते दहा शब्दही गेले. त्याला उचलायला दोन माणसं लागायची, आणि त्यांच्या घराचा जिना शिडीसारखा. त्यामुळे त्याला पलीकडे हॅचलीला, म्हाताऱ्यांना सांभाळतात त्या घरात ठेवावं लागलं.

तिथे त्याने तोंड मिटून घेतलं.

नर्सबायका चांगल्या होत्या. एकीने लाडीगोडी केली, एकीने गाणं म्हटलं, एकीने डॉक्टरांसमोर त्याचं नाक दाबून पाहिलं आणि मग स्वतःच रडली. डेन्झिल भिंतीकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी ईनिड वाडगं घेऊन गेली. गाजर-बटाटा घालून शिजवलेलं मटण, बारीक कुस्करलेलं. तिने चमचा पुढे केला आणि म्हणाली, "देऊ का?" त्याने तोंड उघडलं.

त्या दिवसापासून ती रोज जाऊ लागली. दुपारी बाराला तो तिच्या हातून जेवायचा, आणि बारानंतर फार उशीर झाला तर तिच्याही हातून नाही. शेतावरच्या माणसाचं पोट घड्याळासारखं चालतं. संध्याकाळी कुणी पाजलंच तर दोन घोट दूध. म्हणजे त्याचा जीव त्या एका जेवणावर होता, आणि ते जेवण एका वाटेवर.

वाट सव्वा मैलाची. तिच्या फाटकातून निघालं की आधी ओढ्यावरची फळी. मग रोलंड बफ्टनची तीन शेतं: लांबपट्टा, वासरकुरण आणि ओला कोपरा. ओल्या कोपऱ्याच्या टोकाला कुंपणावरून चढून उतरायची लाकडी पायरी, ओक लाकडाची, डेन्झिलनेच बसवलेली. ती ओलांडली की जुनी घोडवाट लागायची, दोन्ही बाजूंनी उंच बांध, मध्ये खुरांनी खणलेली माती. ती टेकडीवरून उतरून थेट हॅचलीच्या चर्चमागे निघते. ईनिडच्या पावलांनी पाऊण तास. सडकेने जायचं तर साडेचार मैल, कडेला पाय ठेवायला जागा नाही, वळणावळणाला धान्याचे ट्रक.

मी कितीदा तिच्याबरोबर गेलो आहे. डेन्झिलला बघायला जातोय असं सांगायचो, पण खरं तर वाटेसाठी. ईनिड वाडगं लोकरीच्या कापडात बांधून टोपलीत ठेवायची आणि टोपली पोटाशी धरायची. बोलायची नाही. फेब्रुवारीत लांबपट्ट्यात चिखल बुटाला धरून ठेवायचा. एप्रिलमध्ये रानआलुबुखार काळ्या फांद्यांवर पानांआधीच पांढरा फुलायचा. ऑगस्टमध्ये कापणीनंतर धसकटं घोट्यांना टोचायची. नांगरट झाली की वाट पुसून जायची, आणि पेरणीनंतर चार दिवसांत ईनिडच्या पावलांनी ती पुन्हा उमटायची. हिरव्या कोंभांमधून एक वीतभर रुंद रेघ. मेंढ्या तिला ओळखायच्या. त्या बाजूला व्हायच्या, पळायच्या नाहीत.

आता रोलंडचं सांगतो. त्यावरच सगळं अडलं.

रोलंड बफ्टन मोठा शेतकरी, आवाज बैलासारखा, मन लोण्यासारखं. खालच्या आळीतले सगळे त्याच्या शेतांतून जायचे, त्याच्या बापाच्या काळापासून. पण खालच्या आळीची एक रीत होती, ती ईनिडच्या आईने घातली आणि ईनिडने पाळली. शरद ऋतूत आमच्या बायका आंबट काळ्या आलुबुखारांचा जॅम करायच्या. नाताळच्या आठवड्यात ईनिड त्यातली सगळ्यांत चांगली बरणी घेऊन, लाल छातीच्या चिमणीचं चित्र असलेलं कार्ड लिहून, रोलंडच्या दारात जायची. शेतातून जाऊ देतोस, आभार. पुढच्या वर्षी जाऊ का?

रोलंड नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बटाट्यांचं पोतं खांद्यावर घेऊन यायचा. उत्तर काय द्यायचा, ते ईनिडलाच माहीत. आम्ही कुणी विचारलं नाही. वाट चालू होती, एवढं पुरे होतं.

सहा वर्षांपूर्वी रोलंड वारला. त्याचा मुलगा शहरात राहणारा. ईनिड त्यालाही कार्ड पाठवायची, उत्तर कधी आलं नाही. त्याने चार वर्षं शेत कसंबसं ओढलं आणि मग विकलं. घेणारा सेडन नावाचा माणूस. वाईट नव्हता. त्याला वाईट म्हणता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. घोड्यांचं वेड असलेला, पन्नाशीचा, हळू बोलणारा. त्याने तिन्ही शेतांत गाभण घोड्या सोडल्या आणि ओढ्याच्या फळीपाशी पाटी लावली: खासगी जमीन, सार्वजनिक वाट नाही.

ईनिड जॅमची बरणी घेऊन त्याच्या दारात गेली. मी फाटकाबाहेर उभा होतो.

"मिस्टर सेडन, मी ईनिड प्रॉसर. खालच्या आळीतली. तुमच्या शेतातून रोज एकदा जाऊ का? भावाला भरवायला जाते."

त्याने बरणी घेतली नाही, पण टोपी काढली. "बाई, माफ करा. मागच्या जागी एका फिरायला आलेल्या माणसाचा कुत्रा माझ्या घोडीमागे लागला. तारेत पाय अडकला तिचा. गोळी घालावी लागली, पोटातल्या पिल्लासकट. त्या दिवसापासून मी ठरवलंय. घोड्यांत माणूस नको."

"मला कुत्रा नाही."

"तुम्हाला हो म्हटलं तर उद्या दुसऱ्याला नाही कसं म्हणू?"

ईनिडने मान हलवली. तिला ते पटलं होतं, हेच मला सहन झालं नाही. परत येताना मी म्हणालो, "अगं, पण वाट आपली आहे! नकाशात असेल. नकाशातली वाट राजालाही बंद करता येत नाही."

नकाशात नव्हती.

जिल्ह्याच्या कचेरीत मी स्वतः तो मोठा नकाशा पाहिला. टेकडीवरची घोडवाट होती, हिरव्या रेघेने काढलेली, ओल्या कोपऱ्याच्या पायरीपर्यंत येऊन अधांतरी थांबलेली. तिच्या पुढची तीन शेतं कोरी. माझ्या जन्माच्या सुमारास सरकारने गावोगावच्या पंचांना वाटांची यादी करायला सांगितली होती. आमच्या पंचांनी चहा पिऊन सगळ्या वाटा लिहिल्या, आणि ही सोडून दिली. का, तर ही सगळ्यांना माहीतच आहे. ती कशाला लिहायची?

मग मी अर्ज केला. कायदा असा होता, की लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने चालले असतील तर ती नकाशात चढवता येते. मी खालच्या आळीतल्या सात जणांच्या साक्षी लिहून घेतल्या. रोज संध्याकाळी चष्मा लावून टेबलाशी बसायचो. कचेरीने आमच्या बाजूने हुकूम काढला, सेडनने हरकत घेतली, आणि प्रकरण सरकारी चौकशीवर गेलं. चौकशीचा निकाल लागेपर्यंत वाट अडवणार नाही, असं सेडनने कबूल केलं, आणि शब्द पाळला. ती दोन वर्षं ईनिड त्याच्या घोड्यांच्या कडेकडेने, मान खाली घालून, चोरासारखी जायची. तिला ते लागायचं. डेन्झिल मात्र जेवत होता.

साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव मी ईनिडचं घातलं. गावात तिच्याइतकं खरं कुणी बोलत नाही, म्हणून. माझी चूक ती एवढीच, आणि ती माझीच.

चौकशी नोव्हेंबरात, गावच्या सभागृहात झाली. सरकारकडून एक अधिकारी बाई आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, पायात चिखलाने भरलेले बूट. सकाळीच त्या वाटेने एकट्या चालून आल्या होत्या. ते बूट पाहून मला धीर आला. सुरुवातीलाच त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं.

"वीस वर्षं चालणं पुरेसं नाही. कसं चाललात तेही बघावं लागतं. चोरून नको, बळजबरीने नको, आणि परवानगीने नको. वाट आपलीच आहे असं धरून, उघडपणे, कुणाला न विचारता चालायला हवं."

माझ्या शेजारी डोरीन बसली होती, दुकान बंद करून आलेली. ती कुजबुजली, "शेवटचं काय म्हणाल्या?"

"गप्प बस," मी म्हणालो. पण मी ते नीट ऐकलं होतं.

ईनिड निळा कोट घालून साक्षीला बसली. आमच्या बाजूने कचेरीचा माणूस होता. त्याने विचारलं तसं तिने सांगितलं, लहानपणापासून चालते, रोज चालते. मग सेडनचा वकील उठला. तरुण, नीटनेटका. त्याने टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवला. रोलंडच्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, तो राहून गेला होता. सेडनच्या बायकोला साफसफाईत सापडला.

"मिस प्रॉसर, हे अक्षर तुमचं?"

तिने चष्मा लावला. "हो. त्या वर्षी पेन गळत होतं."

लोक हसले.

"मोठ्याने वाचाल का?"

"'प्रिय रोलंड, खालच्या आळीतल्या आम्हा सगळ्यांना तुझ्या तिन्ही शेतांतून जाऊ देतोस, त्याबद्दल सर्वांतर्फे आभार. पुढच्या वर्षी जाऊ का? नाताळच्या शुभेच्छा. ईनिड.'"

आता कुणी हसलं नाही. वकिलाने एकेक कार्ड काढून मांडलं. तेवीस लाल छातीच्या चिमण्या टेबलावर ओळीने बसल्या. रोलंडने एकही फेकली नव्हती.

कचेरीचा माणूस उठून म्हणाला, "आभार मानणं म्हणजे सभ्यपणा. विचारणं म्हणजे परवानगी मिळणं नव्हे. उत्तर काय आलं, याचा इथे काहीच पुरावा नाही."

अधिकारी बाईंनी मान हलवून ते लिहून घेतलं. मी श्वास सोडला. पण तो वकील हुशार होता. तो ईनिडकडे वळला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मिस्टर बफ्टन यांनी कधी उत्तर दिलं का, मिस प्रॉसर?"

उत्तर दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक चर्चच्या आवारात मातीखाली होता. ईनिडने वर पाहिलं. तिची नजर माझ्यावर आली. मी मान हलवली. अगदी जराशी, डावीकडून उजवीकडे. नाही म्हण. फक्त नाही म्हण, बाई. हे मी केलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

तिने ते पाहिलं.

"दर वर्षी," ती म्हणाली.

"काय म्हणायचे ते?"

"बटाटे घेऊन यायचा. पोतं टेकवायचा आणि म्हणायचा, 'जा की गं, खुशाल जा सगळे. मी आहे तोवर तुम्हाला कोण अडवतंय?'"

"आणि त्यांनी नको म्हटलं असतं तर?"

"तर आम्ही नसतो गेलो," ईनिड म्हणाली. "न विचारता मी कुणाची…"

आणि ती तिथेच थांबली. इतक्या वर्षांत ते वाक्य अर्धं राहिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तिला तेव्हा कळलं असावं. तिने टेबलावरच्या तेवीस चिमण्यांकडे पाहिलं, मग दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, जणू त्यांनी काहीतरी फोडलं होतं.

चहाच्या सुट्टीत डोरीन थेट अधिकारी बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "म्हणजे बाईसाहेब, वीस वर्षं तोंड वर करून, दांडगाईने गेलो असतो तर वाट आमची? आणि दार ठोठावून विचारलं म्हणून गेली?"

"दांडगाईने नाही. पण… हो, साधारण तसंच."

"मग कायद्याला चार चांगल्या गोष्टी शिकवायला आई नव्हती वाटतं."

अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली आपल्या बुटांवरच्या चिखलाकडे पाहिलं. "मला जे ऐकायला मिळतं त्यावरच लिहावं लागतं," त्या म्हणाल्या.

बाहेर ईनिड सायकलींच्या छपराखाली उभी होती. मी रागाने फुटलो. "एक शब्द! एक 'नाही' म्हणता आलं नाही तुला? डेन्झिलसाठीसुद्धा?"

तिने कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "आणि मग त्या वाटेवरून पाय कसा उचलला असता, एमस?"

निकालाचं पाकीट मार्चअखेरीस आलं. रोलंडच्या हयातीतलं सगळं चालणं परवानगीचं, म्हणून मोजायचं नाही. तो गेल्यानंतर पाटी लागेपर्यंतची चार वर्षं उरतात. हवीत वीस. हुकूम रद्द.

चार दिवसांनी सेडनने तीन आडव्या फळ्यांचं नवं कुंपण घातलं. ओढ्यावरची फळी काढून बाजूला नीट ठेवली. डेन्झिलची ओकची पायरी उपटून, धुऊन, त्याच्या माणसाने माझ्या दारात आणून दिली. तुम्हाला ठेवायची असेल, म्हणाला. असा सभ्य माणूस. मी ती गोठ्यात भिंतीला टेकवली आणि तिच्याकडे पाठ करून बसलो.

ईनिड सडकेने जाऊ लागली.

बस आठवड्यातून एकदा, बुधवारी. एक दिवस डोरीन दुकान बंद करून तिला गाडीने सोडायची. माझी नजर अधू झाल्यापासून डॉक्टरने माझा परवाना काढून घेतला होता. गाडी अंगणात गंजत उभी. उरलेले पाच दिवस ती पायी. एकोणऐंशी वर्षांची बाई, खुब्यात दुखणं, पोटाशी टोपली. ट्रक आला की ती बांधाच्या काटेरी झाडांत पाठ रुतवून उभी राहायची. एकदा ट्रकचा आरसा टोपलीला लागला आणि वाडगं चरात गेलं. ती तशीच पुढे गेली, रिकाम्या हाताने, आणि हॅचलीच्या त्या घरच्या स्वयंपाकघरातली खीर मागून घेतली. लवकर निघाली तर जेवण थंड व्हायचं, थंड जेवण तो थुंकायचा, तिथे पुन्हा गरम केलेलंही. नेहमीच्या वेळेला निघाली तर पोचायला दुपारचे दीड, पावणेदोन वाजायचे. तोवर डेन्झिलचं तोंड मिटलेलं असायचं.

"देऊ का?" ती म्हणायची. तो तिच्याकडे बघायचा. रागाने नव्हे. जणू ती दुरून, दुसऱ्याच कुणाशी बोलत होती.

मी डोरीनबरोबर त्याला बघायला गेलो तेव्हा चादरीखाली माणूस आहे की घडी घातलेला कोट, कळेना. त्याचा डावा हात मी हातात घेतला. याच हाताने तो कोयता असा मारायचा, की खोड फक्त वाकायचं. डॉक्टर जिन्यात भेटले. म्हणाले, मोठ्या इस्पितळात नेऊन पोटात नळी घालता येईल, पण हृदय तो प्रवास सोसेल असं वाटत नाही. नाहीतर त्याला त्याच्या मनासारखं राहू द्या. असंच चाललं तर दोन आठवडे. ईनिडने विचारलं, मी इथेच राहू का, जिन्याखाली, खुर्चीवर? तिथल्या मुख्य बाईंनी सांगितलं, नियमात बसत नाही. ईनिडने मान हलवली. नियमांना ती नेहमीच मान हलवायची.

कुंपण घातल्यापासून अकराव्या दिवशी, शनिवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता मी तिच्या फाटकापाशी गेलो. सडकेने जायची वेळ केव्हाच टळून गेली होती. ती तिथेच उभी होती, निळा कोट, टोपली पोटाशी. वाफ अजून कापडातून येत होती. ओढ्याला पाणी कमी होतं. दगडांवरून पलीकडे जाता येत होतं. पलीकडे नवं कुंपण, पिवळंधमक, आणि त्याच्यामागे लांबपट्टा. आमच्या कुंपणांवर रानआलुबुखार फुलला होता.

मी कोटाखालून कोयता काढला. "सरक बाजूला. दोन घाव. मला हे करता येतं."

"नको."

"ईनिड, तो मरतोय."

"माहीत आहे मला. माझाच भाऊ मरतोय." तिचा आवाज चिरकला. मग तिने तो सावरला. "तोडलं तर ती बळजबरी. ऐकलंस ना तू तिथे? तोडलं तर मोजत नाहीत."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय.

तेवढ्यात लांबपट्ट्याच्या मध्यावर हालचाल झाली. सेडन होता. एका घोडीला तोंडाशी धरून, तिच्या पायांशी दोन दिवसांचं शिंगरू. त्याने आम्हाला पाहिलं आणि तो थांबला. मागे गल्लीतून डोरीन गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन धावत येत होती. "अगं, मी नेते! दुकान गेलं खड्ड्यात, चल!" पण तीही फाटकापाशी येऊन थांबली.

"आज नेशील. उद्या?" ईनिड म्हणाली आणि दगडांवरून पलीकडे गेली. मी मागोमाग. कुंपणापाशी तिने टोपली माझ्या हातात दिली आणि वरच्या फळीवर तळवे ठेवले. मी चिखलात एक गुडघा टेकला.

"तुझ्या गुडघ्यावर पाय ठेवू का?" तिने विचारलं.

"ठेव."

तिचं वजन मला जाणवलंही नाही. ती फळीवर अडकली, खुबा धरून कळवळली, मग सावकाश, एकेक पाय उचलून, पलीकडे उतरली. मी फळ्यांमधून टोपली दिली. तिने ती पोटाशी धरली, कापड नीट केलं.

सेडन पन्नास पावलांवर उभा होता. टोपी हातात. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो वाट बघत होता. ती नेहमी विचारते, हे त्यालाही माहीत होतं. त्या सकाळी तिने विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, असं मला आजही वाटतं. एक दिवसाचं हो, त्याच्या जमिनीवरचं त्याचं हो.

तिने विचारलं नाही.

ती चालू लागली. जुन्या वाटेची रेघ आता गवताने भरली होती, पण तिच्या पायांना ती माहीत होती. घोडीने मान वर केली. सेडनने तिच्या नाकावर हात ठेवला आणि तिला घट्ट धरून उभा राहिला. ईनिड त्याच्या समोरून, भर उजेडात, मान ताठ ठेवून गेली. हळू, खुब्याने लंगडत. आजपासून वीस वर्षं मोजायची झाली, तर ती संपतील तेव्हा ईनिड नव्याण्णव वर्षांची असेल. डेन्झिलचा डॉक्टरांनी दोन आठवड्यांचा हिशेब सांगितला होता. बाराला पस्तीस मिनिटं उरली होती, आणि टोकाची पायरी असतानाही तिला पाऊण तास लागायचा.

"अगं, घाई कर," डोरीन माझ्यामागे पुटपुटत होती, "घाई कर ना, बाई."

वासरकुरणाच्या फाटकापाशी तिचा निळा कोट एकदा दिसला, मग ओल्या कोपऱ्याच्या उतारावर तिचं डोकं तेवढं. मागे वळून तिने पाहिलं नाही. आम्ही तिघं बघत होतो: फाटकात डोरीन, शेतात घोडीला धरून उभा राहिलेला सेडन, आणि मी, एक गुडघा अजून चिखलात.